बॅटरीताईंची मानाची जागा

यंत्रांना माणसांसारखी वाचाही होती आणि तोराही होता, तेव्हाची गोष्ट. एका पतपेढीच्या जिन्याखालच्या खोलीत इंटरनेटची यंत्रं ठेवायचा लोखंडी रॅक उभा होता. जागा इतकी अरुंद, की त्याला भिंतीशी बोल्टने आवळायला ड्रिलसुद्धा आत मावलं नाही.

“बॅटरीताई, तुम्ही सगळ्यांत जड. तळाशी बसा, म्हणजे माझा तोल राहील,” रॅक म्हणाला.

“वीज मी पुरवायची आणि पायाशीही मीच बसायचं?” बॅटरी फणकारली.

तिच्याच विजेवर जगणारे राउटर आणि स्विच लगेच म्हणाले, “छे, छे! ताईंचा मान वरचाच!”

बॅटरी वर चढली. रॅक पुढे कलला आणि सगळ्यांसकट दारावर आदळला. वायरी तुटल्या, दार आतून अडकलं.

“बघा, दाराशी सगळ्यांत आधी कोण पोचलं?” बॅटरीने विचारलं.

मोडका अँटेना सावरत राउटर म्हणाला, “तुम्हीच, ताई!”