देमाईचा घास

तुमच्या-माझ्या पणज्याचा पणजासुद्धा जन्मला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. देवगिरीवर यादवांचं राज्य होतं. आंबदऱ्याच्या टेकडीवर महादेवाचं काळ्या दगडाचं देऊळ उभं राहत होतं आणि त्याचा दगड घडवत होती देमाई पाथरवटीण. नवरा गेला, सासऱ्याचे हात कापू लागले, तेव्हा सुनेनं छिन्नी उचलली. तिनं घडवलेला मोर पावसात पिसं झाडायचा, असं म्हणतात. मी पाहिला नाही. पण नाही म्हणणारा मी कोण?

उंबऱ्यावर तिनं कीर्तिमुख कोरलं. कीर्तिमुख म्हणजे शंकराचा तो गण, ज्यानं भुकेपोटी स्वतःचंच अंग खाल्लं आणि नुसतं तोंड उरलं. पाथरवटांची रीत अशी, की त्याचा जबडा सगळ्यात शेवटी उघडायचा आणि लगेच तोंडात घास द्यायचा. भुकेल्याला जागं करून उपाशी ठेवू नये. तो जबडा तेवढा राहिला होता आणि भाद्रपदात नदी गावात शिरली.

सगळं गाव गुराढोरांसकट देवळात चढलं. त्याहून उंच जागाच नव्हती. पाणी वरच्या पायरीला लागलं तशी देमाईनं छिन्नी लावली, घाव घातला आणि जबडा उघडला.

दगडी तोंडानं अख्खा पूर पिऊन टाकला, असं म्हणतात. आधी गल्ल्या दिसल्या, मग शेतं, मग नदीचा तळ. लोक आनंदानं नाचू लागले. पण तोंड काही थांबेना. विहिरी आटल्या, गाईंचे सड सुकले, पोरांच्या जिभा टाळ्याला चिकटल्या.

सासरा ओरडला, "सूनबाई, घास! घास दिलास का वं?"

घाईत देमाई विसरलीच होती. आता घास आणायचा कुठून? चुली वाहून गेल्या होत्या, कुणाच्या पदरात दाणा नव्हता.

तिनं हातातल्या छिन्नीकडे पाहिलं आणि ती कीर्तिमुखाला म्हणाली, "बाबा, माझ्या घरची भाकर हिच्यावरच येती. हीच खा."

तिनं छिन्नी जबड्यात घातली. सासरा ढसाढसा रडला. पण तोंड मिटलं आणि विहिरींना पुन्हा पाणी आलं.

त्यानंतर देमाईनं कधी दगड घडवला नाही. दुसरी छिन्नी घेतली, की तिची बोटं वळायचीच नाहीत, असं म्हणतात. केवढी विद्या गेली! पण गावानं तिला एक दिवस उपाशी निजू दिलं नाही. घराघरांनी पाळी लावून मरेपर्यंत तिला भाकर पोचवली.

देमाई गेली, पाळी चालूच राहिली. आजही आंबदऱ्यात पाळीच्या घरी एक भाकर जास्त थापतात आणि हत्यार घेऊन गावात येणाऱ्या कोणत्याही कारागिराला वाढतात. बेलदार असो, नाहीतर मोबाईलच्या टॉवरवर चढणारा. तो बिचारा म्हणतो, मी जेवून आलोय.

"पोट तुमचं भरलं असंल, दादा," घरची बाई म्हणते, "देमाई उपाशी राहील. बसा."