अदृश्य सॉफ्टवेअर

ज्याच्यामुळे आपला कारखाना चालतो, त्यालाच कोणी ताटकळत ठेवतं का, सांगा बरं? भोसरीच्या मोहोळकरांनी ठेवलं.

मोहोळकर सर्व्हर बनवायचे, म्हणजे वेबसाइट चालवणारी मोठी यंत्रं. त्यांवर चालायचं ते फक्त नलिनी खांबेटेंच्या छोट्या कंपनीचं सॉफ्टवेअर. ती कंपनी आता बुडत होती. आपल्या अकरा माणसांच्या नोकऱ्या वाचाव्यात म्हणून नलिनीताई वर्षभराचं काम मागायला तिसऱ्यांदा आल्या होत्या.

कारखान्यात आलेल्या गिऱ्हाइकांसमोरच मोहोळकर म्हणाले, "बाई, लोक माझं यंत्र बघून येतात. तुमचं सॉफ्टवेअर कोणाला दिसतं तरी का? उद्या बंद पडलात तर माझं काय अडणार आहे?"

"मग साहेब, ते काढून टाका आणि यंत्र यांना चालवून दाखवा."

मोहोळकरांनी तावातावाने तसंच केलं. दिवे लागले, पंखे घोंघावले, पण पडदा कोराच राहिला. एका गिऱ्हाइकाने यंत्रामागे हात धरला, तर नुसता गरम वारा. त्याने विचारलं, "हे करतं तरी काय?"

नलिनीताई हळूच म्हणाल्या, "थंडीत खोली उबदार ठेवतं."

सगळे हसले. नलिनीताईंना मात्र हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोहोळकर स्वतः करार घेऊन त्यांच्या कचेरीत गेले, तेव्हा तिथे तिघंच उरले होते. ताई याही वेळी रिकाम्या हाताने परतल्याचं कळताच बाकीचे आठ जण आदल्या संध्याकाळीच राजीनामे ठेवून गेले होते.