खारुटली म्हणते, असं नाही चालत!

बागेच्या कोपऱ्यावर होतं बदामाचं झाड.
झाडावर राहायची खारुटली.
एवढीशी. मुठीत मावेल एवढी.
शेपटी मात्र झुपकेदार. आणि राग? राग नाकावर!

झाडाखाली एक बाक होता.
रोज सकाळी बाकावर यायची अंबूआजी.
आजीचं घर रस्त्याच्या पलीकडे.
काठी टेकत यायची. ठक ठक ठक.
पदराच्या गाठीत भाजलेले दाणे आणायची.
एक दाणा आजीला. एक दाणा खारुटलीला.
कुट कुट कुट!

एकदा काय झालं?
आजी घरातून निघाली. ठक ठक ठक.
रस्त्याच्या मधोमध आली.
तेवढ्यात आली रिक्षा. भर्रर्र!
आजीच्या अगदी जवळून गेली.
आजी दचकली. गाठ सुटली.
दाणे सांडले. टपटप टपटप.
त्यांवरून गेली चाकं. दाण्यांचा झाला भुगा.

आजीला कोणी हात दिला?
नाही दिला.
उलट मागून हॉर्न वाजला. पीं पीं!
"ओ आजी, बाजूला व्हा की!"

आजी मागे फिरली. घरात गेली. दार लावून बसली.

दुसऱ्या दिवशी आजी आली नाही.
तिसऱ्या दिवशीही आली नाही.
बाक रिकामा. खारुटलीचं पोटही रिकामं.

खारुटली रागावली. चिर्रर्र!
सरसर सरसर तारेवर चढली.
तारेवरून पलीकडे गेली. आजीच्या खिडकीत बसली.
दोन पायांवर उभी राहिली.

"आजी, आजी, बागेत ये ना!
दाणे मला मिळेनात!
असं चालतं का?
नाही चालत!"

आजी म्हणाली, "मी नाही येणार, बाई! माझे पाय हळू, रिक्षा भरधाव. माझ्यासाठी कोण थांबतंय? आधी रिक्षाला थांबायला सांग. मग मी येईन."

खारुटली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.
नाक्यावर उभी होती रिक्षा. आत बसले होते रिक्षाकाका. शेव-चिवडा खात होते.

"काका, काका, थांबा ना!
रिक्षा थांबेना,
आजी येईना,
दाणे मला मिळेनात!
असं चालतं का?
नाही चालत!"

रिक्षाकाका म्हणाले, "मी नाही थांबणार! थांबायचं कुठे? रस्त्यावर पांढरे पट्टे आहेत का? पुसून गेले सगळे. नुसता काळा रस्ता! आधी पट्टे मारायला सांग. मग मी थांबेन."

आणि गेले की निघून! भर्रर्र!
सगळा धूर खारुटलीच्या नाकात. आक् छी!

खारुटली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.
एका भिंतीपाशी होता रंगारीमामा. भिंतीवर फुलं रंगवत होता. पिवळं फूल. लाल फूल. निळं फूल.

"मामा, मामा, पट्टे मार ना!
पट्टे उमटेनात,
रिक्षा थांबेना,
आजी येईना,
दाणे मला मिळेनात!
असं चालतं का?
नाही चालत!"

रंगारीमामा म्हणाला, "मी नाही मारणार! तिथे आहे हा एवढा खड्डा. खड्ड्यात पट्टा मारू? पट्टा बुडून जाईल, बुडुक्! आधी खड्डा बुजवायला सांग. मग मी पट्टे मारेन."

"भिंतीवर फुलं, नि आजीला खड्डा?" खारुटली चिडली.
शेपटी आपटली. फट्!

खारुटली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.
झाडाच्या सावलीत उभा होता मोठ्ठा रोलर. रोलरवर झोपला होता रोलरदादा. घुर्रर्र घूं. घुर्रर्र घूं.
खारुटलीने त्याच्या कानात शेपटी फिरवली. गुदूगुदू!
दादा धडपडून उठला.

"दादा, दादा, ऊठ ना!
खड्डा बुजेना,
पट्टे उमटेनात,
रिक्षा थांबेना,
आजी येईना,
दाणे मला मिळेनात!
असं चालतं का?
नाही चालत!"

रोलरदादा म्हणाला, "मी नाही उठणार! साहेबांनी सांगितल्याशिवाय माझा रोलर हलत नाही. आधी साहेबांना सांग. साहेब म्हणाले 'चल', की मी निघालो!"

आणि पुन्हा झोपला. घुर्रर्र घूं.

खारुटली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.
समोर मोठ्ठं ऑफिस. ऑफिसात मोठ्ठी खुर्ची. खुर्चीत मोठ्ठे साहेब. साहेबांना मोठ्ठ्या मिशा.
साहेब चहा पीत होते. फुर्र फुर्र.
खारुटली टेबलावर चढली. दोन पायांवर उभी राहिली.

"साहेब, साहेब, सांगा ना!
रोलर हलेना,
खड्डा बुजेना,
पट्टे उमटेनात,
रिक्षा थांबेना,
आजी येईना,
दाणे मला मिळेनात!
असं चालतं का?
नाही चालत!"

साहेब हसले. खो खो खो! मिशा हलल्या.
"मी नाही सांगणार!" साहेब म्हणाले. "मी रोज त्या रस्त्याने जातो. गाडीत बसून जातो. मला एकही आजी दिसत नाही. एकही आजोबा दिसत नाहीत. तिथे कोणी चालतच नाही! मग खड्डा कशाला बुजवायचा? पट्टे कशाला मारायचे? आधी आजी-आजोबा तिथे चालताना दाखव. मग मी सांगेन."

खारुटलीने डोळे मोठ्ठे केले.
"अहो साहेब! रस्ता वाईट, म्हणून आजी येत नाही. आजी येत नाही, म्हणून तुम्ही रस्ता नीट करत नाही. मग आजीने करायचं काय?"

"जा, जा! शुक्! शुक्!"
साहेबांनी खारुटलीला हाकललं. खिडकी लावली. धाड्!

खारुटलीला असा राग आला, असा राग आला!
शेपटी फुलली. बाटली धुवायच्या ब्रशासारखी.
पळत सुटली. चिर्र चिर्र चिर्रर्र!

पळता पळता एका गॅलरीत शिरली.
तिथे बसली होती एक आजी. गोल चष्मा. पांढरा अंबाडा. मेथी निवडत होती.

"काय झालं गं, पिटुकले? कोणावर एवढी रागावलीस?"

खारुटलीने एका दमात सांगितलं.

"साहेब ऐकेनात,
रोलर हलेना,
खड्डा बुजेना,
पट्टे उमटेनात,
रिक्षा थांबेना,
आजी येईना,
दाणे मला मिळेनात!
असं चालतं का?
नाही चालत!

आणि साहेब म्हणतात, रस्त्यावर आजी-आजोबा चालतच नाहीत!"

"कोण साहेब?" आजीने विचारलं. "ते मोठ्ठ्या मिशांचे?"

"हो!"

"चहा पितात फुर्र फुर्र?"

"हो, हो!"

"अगं, तो तर माझा मुलगा! आमचा सोन्या!"

आजीने मेथी बाजूला सारली. चष्मा नाकावर चढवला.
"आम्ही चालत नाही म्हणतो? मला देवळात जायचं असतं, मी जात नाही. बाजारात जायचं असतं, जात नाही. का जात नाही? रस्ता ओलांडताच येत नाही! आणि माझाच सोन्या म्हणतो, कोणी चालत नाही? आता आला मला राग!"

आजीने घेतली काठी. ठक ठक ठक!
शेजारच्या नूरआजोबांना हाक मारली. तेही निघाले. ठक ठक ठक!
वरच्या मजल्यावरची फिलोमिनाआजी आली. ठक ठक ठक!
पुढे खारुटली. तुरुतुरु तुरुतुरु.
सगळे गेले ऑफिसात.

"सोन्या! ऊठ!"

साहेब दचकले. चहा मिशांवर सांडला.
"आई? तू? इथे? अगं, मला काम आहे!"

"हेच तुझं काम. चल रस्त्यावर."

"बरं, गाडी काढतो."

"गाडी नाही. चालत!"

आईने धरला हात. साहेब निघाले चालत.
आले खड्ड्यापाशी. एक पाऊल टाकलं...
भर्रर्र! रिक्षा आली!
साहेबांनी मारली उडी. पाय गेला खड्ड्यात. डुबुक्!
बूट अडकला. छातीत धडधड धडधड.
मागून वाजला हॉर्न. पीं पीं! "ओ मिशीवाले, बाजूला व्हा की!"

"आई गं!" साहेब ओरडले.

आई म्हणाली, "तू उडी मारलीस, सोन्या. मी कशी मारू?"

साहेबांनी मान वळवली. नूरआजोबांकडे बघितलं. फिलोमिनाआजीकडे बघितलं. तिघांच्या तीन काठ्यांकडे बघितलं.
साहेबांचे कान लाल झाले.
"चुकलो, आई," साहेब म्हणाले.

"मला सांगू नकोस," आई म्हणाली. "रोलरला सांग."

मग काय!
साहेबांनी सांगितलं, "चल!"
रोलर हलला. गडगड गडगड.
खड्डा बुजला. धप् धप् धप्.
रंगारीमामाने ब्रश बुडवला. सप् सप् सप्.
पट्टे उमटले. पांढरे, पांढरे, पांढरेशुभ्र!
"आणि मधोमध थांबायला जागा हवी," फिलोमिनाआजी म्हणाली. "दम लागतो आम्हाला."
मधोमध छोटासा ओटाही झाला.
भर्रर्र करत आली रिक्षा. पट्टे दिसले.
रिक्षा थांबली. कच्च!

खारुटली तारेवरून पळाली. सरसर सरसर.
"आजी, आजी, बघ ना!
साहेबांनी ऐकलं,
रोलर हलला,
खड्डा बुजला,
पट्टे उमटले,
रिक्षा थांबली!
आता तू ये, नि दाणे दे!"

अंबूआजीने दार उघडलं. इकडे बघितलं. तिकडे बघितलं.
पहिल्या पट्ट्यावर काठी ठेवली. ठक.
ओट्यापाशी आली. थांबली. श्वास घेतला. पुन्हा निघाली.
ठक. ठक. ठक.
आली की बागेत!

गाठ सोडली. मूठभर दाणे ओंजळीत ओतले.
"घे गं, माझ्या रागीट बाई! सगळे तुझे."
कुट कुट कुट! कुट कुट कुट!
खारुटलीचे गाल फुगले टम्म.

तेवढ्यात रस्त्यावर निघाले बाकीचे.
सोन्याची आई, नूरआजोबा आणि फिलोमिनाआजी.
एक मोठ्ठी गाडी आली. हॉर्न वाजवला. पीं पीं!
"लवकर चला की!"

सोन्याच्या आईने काठी वर केली.
"थांब! आम्ही चालतोय!"

गाडी थांबली. हॉर्नही थांबला.
आजी गेली सावकाश. आजोबा गेले सावकाश. दुसरी आजी गेली आणखी सावकाश.
आणि मग, सगळ्यांच्या मागून, गेली ती गाडी.