येतो म्हणून गेला

एकदा काय झालं, खाडीच्या काठी धाकू नावाचा एक होडीवाला राहायचा. त्याची शेजारीण आवडी. दोघं एकाच अंगणात रांगलेली, एकाच चिंचेवरून पडलेली. धाकूचा भारी जीव होता हो तिच्यावर. पण बोलला का? छे. मूग गिळून बसला, आणि आवडीचं लग्न झालं हिरूशी. हिरूही लाखातला माणूस, बरं का. त्याला नावं ठेवायला जागा नाही.

मग एक दिवस हिरू जाळं घेऊन निघाला. उंबऱ्यातून म्हणाला, "येतो गं." घरातून निघताना ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावं, असं मी तुम्हांला सांगते ना? तसंच. वादळ आलं आणि हिरू बुडाला. होडी तेवढी उलटी होऊन काठाला लागली.

आवडी धक्क्यावर जाऊन बसली. जेवेना, उठेना. लोकांनी किती समजावलं. ती आपली म्हणे, "तो येतो म्हणून गेलाय. खोटं नाही बोलायचा."

धाकूला ते बघवेना. मग तो गेला खाडीच्या तोंडाशी. तिथे एक म्हातारी कासवीण राहायची. बुडालेल्यांचे आवाज ती शिंपल्यांत जपून ठेवायची. ती म्हणाली, "हिरूचा आवाज देते. तीनदा बोलता येईल. बदल्यात तुझा आवाज माझा." धाकूने देऊन टाकला. परत मिळतो का? नाही रे बाळा, नाही मिळत. पाय गोधडीच्या आत घे बघू.

मग धाकू झाडाआड लपला आणि हिरूच्या आवाजात म्हणाला, "आवडे, जेव गं." ती जेवली. दुसऱ्यांदा म्हणाला, "आवडे, घरी जा गं." ती घरी गेली. पण झालं भलतंच. ती रोज दोन ताटं वाढायला लागली. भरती आली की हिरूला सामोरी जायचं म्हणून पाण्यात उतरायला लागली. आज घोट्यापर्यंत, उद्या गुडघ्यापर्यंत, परवा कमरेपर्यंत.

आता बोलणं एकदाच उरलं होतं. धाकूच्या मनात काय आलं असेल? "आवडे, धाकूशी पाट लाव, पुन्हा संसार मांड." हिरूचं ऐकलं असतं तिने. शब्द अगदी ओठांवर आले होते. फार एकटा होता गं तो.

पण पाणी तिच्या गळ्याला लागलं, आणि धाकू म्हणाला, "आवडे, जातो गं मी."

‘जातो’ असं कोणी म्हणतं का? आवडी थबकली. मग तिला कळलं, हिरू आता यायचा नाही. काठावर येऊन ती पोटभर रडली, आणि घरी जाऊन तिने एक ताट उचलून ठेवलं.

त्यानंतर धाकू रोज संध्याकाळी तिच्या ओट्यावर येऊन बसायचा. "घसा कशाने बसला रे तुझा?" ती विचारायची. तो नुसती मान हलवायचा. एकदा म्हणाली, "तू माझ्या भावासारखा आहेस, धाकू." तेव्हाही त्याने मान हलवली.

निघायला उठला की ती म्हणायची, "येतो म्हण की रे." त्याला कुठलं म्हणता येतंय? मग त्याच्या वतीने तीच म्हणायची, "येतो." आणि तो यायचा. म्हातारा झाला तरी यायचा.

अशी आवडी सुखात राहिली, आणि तिला बघून धाकूही राहिला. चला, मालवते दिवा. मला ‘येतो’ म्हणा आणि मिटा डोळे.