राळ्याचं पीठ

"मग दळतं कोण, आक्का?"

सरोदे गुरुजींनी तिसऱ्यांदा विचारलं. रेवाआक्का ओट्यावर बसून वाती वळत होत्या. डोंगरावरच्या मठात त्या तीस वर्षं एकट्याच राहत. काही अडलं की पायथ्याच्या बोरवंड गावची माणसं त्यांच्याकडे चढून यायची. गुरुजी आजवर कधी आले नव्हते.

"बसा," आक्का म्हणाल्या. "नीट सांगा."

गुरुजींनी सांगितलं. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी गावाचं संग्रहालय काढायचं मनावर घेतलं. पोस्टमन, शिंपी, अंगणवाडीच्या बाई अशी सात माणसं जमली. बंद पडलेलं दुधाचं गोदाम त्यांनीच झाडलं, चुना लावला. दोन वर्षं रविवारचे रविवार घरोघर फिरून वस्तू आणल्या. मोट, पायली, लामणदिवे, जुनी कागदपत्रं... प्रत्येक वस्तूखाली गुरुजींच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी. कोणाची, कधीची, कशासाठी. उद्या उद्घाटन होतं.

"आणि एक जातं आहे. दुपारी कुलूप लावून जेवायला जावं, परत येऊन बघावं तर त्याच्याभोवती पीठ. शिंप्यानं दाराला कान लावून घरघर ऐकली. आता आत पाऊल टाकायला कोणी तयार नाही."

"कसलं पीठ?"

गुरुजींनी खिशातली पुडी उघडली. "राळ्याचं. गावात राळा पेरून चाळीस वर्षं झाली."

आक्कांनी पीठ हुंगलं. "जात्याखाली काय लिहिलंय?"

"निनावी. अंदाजे शंभर वर्षे जुने."

"कोणाचं ते तुम्हाला ठाऊक नाही?"

"चारशे वर्षांचा इतिहास लिहिलाय मी या गावाचा," गुरुजी ताठ बसत म्हणाले. "ठाऊक असतं तर लिहिलं नसतं?"

आक्का उठल्या. काठी घेतली आणि डोंगर उतरू लागल्या.

गोदामापाशी पोचेतो ऊन डोक्यावर आलं होतं. गुरुजींनी कुलूप काढलं. आत गारवा होता, चुन्याचा वास होता. आक्कांनी मोटेकडे पाहिलं नाही की दिव्यांकडे पाहिलं नाही. सरळ जात्यापाशी जाऊन बसल्या.

"ठेवा हात."

गुरुजींनी ठेवला. दगड कोमट होता... माणसाच्या पाठीसारखा.

"कुठून आणलंत?"

"गावाबाहेरच्या पडक्या घरातून. मागची भिंत ढासळली होती, तिथून काढलं."

"मागून का? दार नव्हतं?"

गुरुजींनी दगडावरचा हात काढून घेतला.

"गुरुजी... दार?"

"दगडांनी चिणलेलं होतं."

गुरुजी हळूच खाली बसले. बोलू लागले तेव्हा आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू येईना.

"मानमोडीच्या साथीत ते अख्खं घर तापानं गेलं. एक सून तेवढी उरली. तिच्यामागून साथ गावात शिरेल म्हणून लोकांनी दार चिणून टाकलं. ती आत जिवंत होती, आक्का. तीन दिवस जात्याची घरघर येत होती. चौथ्या दिवशी थांबली."

"कोणी चिणलं?"

"माझ्या आजोबांनी. गवंडी होते. पुढं आमच्या घरात कधी जातं ठेवलं नाही. शेजारी दळण सुरू झालं की म्हातारा कानांत बोटं घालून बसायचा."

"तिचं नाव?"

गुरुजींनी जात्याकडे पाहिलं.

"ठकू."

जात्याचा खुंटा वीतभर सरकला. दोघांचेही हात मांडीवर होते.

गुरुजींना उठून पळावंसं वाटलं. आक्कांनी त्यांच्यासमोर एक कोरी चिठ्ठी सरकवली.

गुरुजींनी लिहिलं. ठकूचं नाव, चिणलेलं दार, तीन दिवस, आणि शेवटी, कोंडिबा सरोदे, गवंडी. अक्षर वाकडंतिकडं आलं. त्यांनी ते पुन्हा लिहिलं नाही. जुनी चिठ्ठी काढून तिथं ही लावली.

मग ते दाराजवळच्या भिंतीकडे गेले. वेस बांधणारा कारागीर म्हणून त्यांनी आजोबांचा फोटो तिथं सकाळीच टांगला होता. तो उतरवायला त्यांनी हात वर केले.

"राहू द्या," आक्का म्हणाल्या. "त्यांनाही ऐकू येऊ द्या."

गुरुजींचे हात तसेच राहिले.

"उद्या सगळं गाव येईल, आक्का. सगळं लिहून टाकलंय मी. आता तरी हे थांबेल ना?"

आक्कांनी जात्याभोवतीचं पीठ चिमटीत घेतलं आणि कपाळाला लावलं.

"तेव्हा थांबलं आणि गाव तिला विसरलं. आता थांबलं तर भ्या, गुरुजी."