पाणक्याच्या कपाळाचं पाणी

मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून कान देणाऱ्या मोठ्यांनो, ही गोष्ट कोणत्या सालातली ते मला विचारू नका. फार फार पूर्वीची आहे, एवढंच मला माहीत. डोंगराआड एक गाव होतं. तिथे येशूचं नाव घेणारी वीस-बावीस घरं होती आणि त्यांचं एक छोटं देऊळ होतं. पाळक, म्हणजे त्यांचे धर्मगुरू, मात्र घाटाखाली, दोन दिवसांच्या वाटेवर राहत. वर्षातून एकदा, सुगी झाली की ते वर येत आणि नव्या लेकरांना, नव्याने आलेल्या माणसांना कपाळावर पाणी घालून बाप्तिस्मा देत, येशूच्या कळपात घेत.

बाप्तिस्म्याचं पाणी झऱ्यावरून आणायचं काम एका म्हाताऱ्या पाणक्याचं होतं. तीस वर्षं तो कावडीने पाणी आणून देवळातलं दगडी कुंड भरत होता. निम्म्या गावाच्या कपाळाला त्याने आणलेलं पाणी लागलं होतं, त्याच्या स्वतःच्या कपाळाला मात्र नाही. देवळाचा कारभार पाहणारे कारभारी मनाने चांगले, पण नियमाचे पक्के. देवाच्या दहा आज्ञा न अडखळता म्हणता आल्याशिवाय मोठ्या माणसाला बाप्तिस्मा नाही! पाणक्या दर वर्षी सहावीपाशी अडखळायचा, आणि "पुढच्या वर्षी बघू" ऐकून कावड उचलायचा. ओल्या कपाळाचं लेकरू पाहिलं की त्याचा जीव तुटायचा.

शेवटी गावच्या म्हाताऱ्या सुईणीने मनावर घेतलं. झऱ्याकाठी बसवून तिने त्याच्याकडून दहाच्या दहा आज्ञा घोकून घेतल्या. त्या वर्षी पाणक्याचं सगळं लक्ष सुगीकडे लागलं. बाया त्याला चिडवायच्या, "काय मामा, नवरदेव व्हायचंय का?" तो हसायचा आणि घाटाकडे बघायचा.

सुगी झाली. पाळक आले नाहीत. महिना गेला, दुसरा गेला. पाणक्या दर शनिवारी ताजं पाणी भरत राहिला. मग एका शनिवारी कुंड भरून तो घरी गेला आणि तापाने आडवा झाला, तो अंथरुणातून उठलाच नाही.

"आक्का," तो सुईणीला म्हणाला, "पुढची सुगी मला दिसत नाही. तूच घाल ना पाणी."

सुईण कुंडातून तांब्या भरून घेऊन आली. दारात कारभारी उभे होते.

"सुईणबाई, हे पाळकांचं काम. तुमच्याआमच्या हाताने झालेला बाप्तिस्मा खोटा ठरला तर? बिचाऱ्याचा तळतळाट लागेल. मी आपल्या गावच्या विणकराला घाटाखाली पाठवतो. पाळकांना विचारून येऊ दे."

सुईण घाबरली. कारभाऱ्यांचं खरं असलं तर? तिने भरलेला तांब्या खिडकीत ठेवून दिला.

विणकर निघाला. जायला दोन दिवस, यायला दोन. पाणक्या सारखा विचारी, "आला का गं विणकर?" तिसऱ्या दिवशी त्याने कारभाऱ्यांना जवळ बोलावलं आणि दहाही आज्ञा एका दमात म्हणून दाखवल्या. कारभाऱ्यांना रडू आवरेना. तांब्या हाताच्या अंतरावर होता, पण त्यांनी तो उचलला नाही.

चौथ्या दिवशी सकाळी पाणक्या गेला. दुपारी विणकर धापा टाकत आला. त्याने पाळकांचा निरोप सांगितला, "मी अंथरुणाला खिळलो आहे. पण जाणाऱ्या माणसासाठी मला कसलं विचारता? पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने तुमच्यातल्या कुणीही पाणी घाला. तो बाप्तिस्मा खराच. उशीर करू नका."

सुईणीने खिडकीतला तांब्या घेतला आणि त्याच पाण्याने पाणक्याचं तोंड पुसलं. तीस वर्षं ज्याची ओढ होती ते पाणी त्याच्या कपाळाला लागलं, आणि त्याला कळलंही नाही.

कारभारी पायरीवर बसले होते. "देव त्याला जवळ करील ना, सुईणबाई?"

"देव करील," सुईण म्हणाली. "आपण केलं नाही."

पुढे त्या गावात प्रत्येक बाईमाणसाला नि बाप्यामाणसाला बाप्तिस्म्याचे शब्द शिकवले गेले. आणि दर शनिवारी झऱ्यावरून कावड आणायला स्वतः कारभारी जाऊ लागले.

बोध एवढाच: जाणारा माणूस देवाचं पाणी मागत असेल, तर ते घालायचा हक्क कुणाचा हे विचारत बसू नये, ज्याच्या हाताशी पाणी, त्यानेच ते घालावं.