बिनइंजिनाचं लढाऊ विमान

"त्याला उडी मारता आली असती. मग का नाही मारली?"

हिंदुराव सरनोबतांनी अजून चपलाही काढल्या नव्हत्या. कोल्हापुराहून गाडी हाकत आले आणि दारातूनच त्यांनी विचारलं.

टिपणीसबाई विळीवर कारली चिरत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"आधी बसा."

"बसायला नाही आलो, बाई. तेवढं सांगा, की मी निघालो."

बाई ऐंशीच्या घरात होत्या. उमेदीच्या काळात त्यांनी स्वतः बिनइंजिनाची ग्लायडर उडवली होती आणि कित्येकांना उडवायला शिकवली होती. पुढे वरंडीच्या पठारावर घर बांधून राहिल्या. मे महिन्याच्या सुट्टीत येतील त्या पोरांना त्या हातभर लांबीची ग्लायडर बनवायला शिकवत आणि कड्याच्या वाऱ्यावर उडवून घेत. फी नव्हती, आणि लाडही नव्हते. हिंदुरावांचा सयाजी त्यांचाच चेला. परीक्षेचा शेवटचा पेपर टाकला की तो घरी न थांबता इथे येऊन पडायचा. पुढे तो लढाऊ विमानाचा वैमानिक झाला. आणि गेल्या वर्षी गेला.

विमानाचं इंजिन हवेतच बंद पडलं होतं. हवाई छत्री घेऊन बाहेर उडी मारायला वेळ होता, असं चौकशीत निघालं. सयाजी बाहेर पडला नव्हता.

"लोक म्हणतात, पोरानं वस्ती वाचवली," हिंदुराव म्हणाले. "भाषणं झाली, हार झाले, चौकाला नाव दिलं. पण वस्ती तर केव्हाच मागं राहिली होती, बाई. पुढं नुसता माळ होता. मग कुणासाठी बसला होता तो आत?"

बाई कारली चिरत राहिल्या.

"मी फौंड्रीवाला माणूस. मी त्याला उडायला शिकवलं नाही. शिकवलंत तुम्ही. काय भरवलं होतंत त्याच्या डोक्यात?"

...

"गाडीत काय आहे?" बाईंनी विचारलं.

हिंदुराव चपापले. गाडीच्या मागच्या काचेतून एक राखाडी शेपूट दिसत होतं.

हिंदुरावांच्या फौंड्रीत सुताचाही फरक खपत नसे. कामगार त्यांना पाठीमागे 'भिंग' म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं, आवडतही होतं. मुलगा गेल्यावर त्यांनी फौंड्री धाकट्या भावावर टाकली आणि वर्षभर एकच काम केलं. सयाजीचं विमान बनवलं, दहापट लहान. फोम कापला, त्यावर फायबर चढवलं, पत्र्यावरचा एकेक रिव्हेट सुईने उठवला. काचेखाली हेल्मेट घातलेला बोटाएवढा वैमानिक बसवला. इंजिन नव्हतं. सयाजीने लहानपणी उडवली तशी, निव्वळ वाऱ्यावर तरंगणारी ही जात. त्यासाठी या वयात ते थर्माकोलच्या विमानांवर रिमोट शिकले, आणि ती इतकी मोडली की घरच्यांनी मोजणं सोडून दिलं. एका प्रदर्शनात त्यांच्या विमानाला पहिलं बक्षीस मिळालं.

उडवलं मात्र कधीच नव्हतं. घरात त्याला कुणी हात लावला तरी ते खेकसत.

बाईंनी हात धुतले, गाडीचं दार उघडायला लावलं आणि विमान पंखांखाली दोन बोटांवर तोलून पाहिलं.

"शेपूट जड झालंय."

"हुबेहूब केलंय."

"म्हणूनच जड झालंय. नाकात शिसं भरलंत?"

"भरावंच लागलं."

"फार?"

"फार."

बाईंनी काचेखालच्या वैमानिकाकडे पाहिलं. काचेवरची धूळ पदराने पुसली. मग विमान काखेत मारून चालू लागल्या.

"कुठं निघालात?"

"कड्यावर. वारा आहे तोवर."

"उडवायला नाही आणलं मी ते!"

"मग एवढ्या लांब कशाला आणलंत?"

रिमोट घेऊन हिंदुराव त्यांच्या मागे गेले.

कड्यापाशी कोकणातून येणारा वारा खडकावर आपटून सरळ वर येत होता. सदरा अंगाला चिकटत होता. खाली दरीत कारवीचं रान पसरलं होतं.

"रिमोट तुम्ही धरा," बाई म्हणाल्या. "मी फेकते."

आणि त्यांनी विमान नाक खाली करून सरळ दरीत भिरकावलं.

"अहो बाई, खाली काय फेकताय!"

विमान कड्याखाली दिसेनासं झालं. रिमोट हातात आहे हेही हिंदुरावांना आठवेना. तेवढ्यात ते शीळ घालत वर आलं, कड्याच्या वर, मग त्यांच्या डोक्याच्याही वर. उन्हात त्याचं पोट चमकलं.

अंगठे आपसूक चालू लागले. विमान डावीकडे गेलं, वळलं, परत आलं. हिंदुरावांना आनंद झाला. वर्षभरात पहिल्यांदा झाला, आणि झाला याची त्यांना लाज वाटली.

"बाई, तुम्ही उत्तर दिलं नाही."

"उडवताना बोलू नये."

विमान येरझाऱ्या घालत राहिलं. ऊन पिवळं झालं. हिंदुरावांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. वर पाहता पाहता ते मध्येच ओठ हलवून काहीतरी पुटपुटत होते. बाईंनी ते ऐकलं असेल, तरी तसं दाखवलं नाही.

"उतरवा आता," बाई म्हणाल्या. "वारा पडेल."

"एक फेरी."

ती फेरी झाली.

"हिंदुराव, उतरवा."

"एवढी एकच, बाई. वर आहे तोवर बरं वाटतंय हो..."

बाई गवताकडे पाहत राहिल्या.

वारा पडला. गवत हलायचं थांबलं. विमान दरीच्या बाजूला लांब होतं. हिंदुरावांनी ते घाईने वळवलं, पण येता येता ते कड्याच्या काठाखाली गेलं.

"आता ते वर येत नाही," बाई म्हणाल्या.

"येईल."

"कशावर येईल? वाराच नाही."

हिंदुराव काठावर सरकले. विमान संथपणे खाली खाली चाललं होतं. त्यांनी नाक जरा दाबलं, थोडा वेग घेतला, कलणारा पंख सावरला. सावरल्यावरही ते खालीच जात होतं. नाकातलं शिसं आपलं काम करत होतं.

"ठेवा तो रिमोट," बाई म्हणाल्या. "अंधार पडेल. वाट वाईट आहे."

हिंदुरावांनी ऐकलं नाही.

"उगाच कशाला धडपडताय? फुटणारच आहे ते. ठेवा खाली."

"असं कसं ठेवू, बाई?" हिंदुराव ओरडले. "अजून हवेत आहे ते!"

...

त्यांचा आवाज समोरच्या डोंगरावर जाऊन परत आला.

हिंदुरावांनी वळून बाईंकडे पाहिलं नाही. त्यांचा चेहरा एकाएकी म्हातारा झाला. पण अंगठे थांबले नाहीत. डावा पंख सावरला, उजवा सावरला. एक टेकाड चुकवलं. टेकाडापलीकडे काहीच नव्हतं, नुसतं रान होतं, तरी चुकवलं.

बाई त्यांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

विमान सरळ, न डगमगता कारवीत शिरलं. आवाज थोड्या वेळाने वर आला. वाळकी फांदी मोडावी एवढाच तो होता.

हिंदुरावांचे अंगठे चालतच राहिले. डावीकडे... उजवीकडे... खालचं रान काळं होत गेलं. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी गळ्यापर्यंत आलं, पण ते पुसायला त्यांनी हात मोकळा केला नाही.

बाईंनी आपला हात त्यांच्या दोन्ही अंगठ्यांवर ठेवला.

"आता ठेवा," त्या म्हणाल्या.